गवताच्या तीन गाड्यांना मागे टाकताना

आयुष्यात मी मूर्खपणे पुष्कळ केले, पण बैलगाडीला ओव्हरटेक करताना टेम्पो खाजणाच्या खाऱ्या चिखलात घालण्याइतका दर्जेदार मूर्खपणा मला पुन्हा जमला नाही. ट्रकला मागे टाकताना पडले असते तर निदान सांगायला बरं वाटलं असतं. माझ्यापुढे होत्या गवताने भरलेल्या तीन बैलगाड्या. त्यांचे गाडीवान झोपेत होते, बैलही जवळजवळ झोपेतच होते, आणि या झोपाळू मंडळींच्या आधी आपण वाणगावला पोचलो नाही तर जगाचं काही खरं नाही, असं मला वाटत होतं. नुकतं लायसन मिळालेलं, दोन वेण्या घालणारी, आरशात स्वतःकडेच जास्त बघणारी अशी मी. नातवंडांना ही गोष्ट सांगताना आजवर मी बैलगाड्यांच्या जागी टँकर घालत आले. आता लिहायलाच बसले आहे तर बैलांना बैलांच्या जागी ठेवते. त्या दिवशी रस्त्यावरचा सगळ्यात मोठा बैल कोण होता, ते वाचणाऱ्याने ठरवावं.

तेव्हा आम्ही कुंभवलीला राहायचो. आप्पा, म्हणजे माझे वडील, सातारच्या बाजूने इथे कारखान्यात कामाला आले होते. तिथल्या वाफांनी त्यांचा खोकला काही थांबेना, तेव्हा नोकरी सोडून त्यांनी एक म्हातारा टेम्पो घेतला. सकाळी टेम्पो आणि आप्पा एकाच वेळी खोकायला लागायचे, आणि दोघांतला एक थांबला की आई चहा गाळायची. दोन खोल्या, मागच्या बाजूला कारखान्याचं कुंपण, पाळी बदलताना वाजणारा भोंगा, आणि त्या भोंग्यालाही न जुमानता चाललेली आईची भाकरी थापायची थपथप. आई पक्की घाटावरची. पहिलं वर्षभर तिने मासळीच्या वासाने पदर नाकाला लावला. दुसऱ्या वर्षी ती सुक्या बोंबलाला हिरव्या मिरचीचा खरडा लावून तव्यावर असं काही परतायला लागली, की शेजारच्या खोलीतले उत्तरेकडचे कामगार खोकत बाहेर यायचे आणि विचारायचे, "चाची, आज क्या जला रही हो?" आई त्यांना मराठीत दोन शब्द सुनावायची आणि वाटीभर बोंबील द्यायची. ते दोन्ही निमूटपणे घ्यायचे.

टेम्पोचं कायमचं काम एकच होतं. पहाटे चिंचणीच्या पुढच्या कोळीवाड्यात जायचं, कोळणींना आणि त्यांच्या मासळीच्या पाट्यांना घ्यायचं, आणि वाणगावच्या बाजारात सोडायचं. बाकी विटा, पत्रे, कुणाचं सामान, मिळेल ते. पण घर चालायचं ते कोळणींवर. त्या बाजारात कुणाची जागा ठरलेली नव्हती. जी आधी येईल ती रस्त्याच्या तोंडाशी बसणार. उशिरा येणारीने पार मागे पत्र्याच्या कुंपणाशी पाटी ठेवायची, जिथे गिऱ्हाईक यायचं ते पिशवी भरल्यावर, नुसतं भाव विचारायला. त्यामुळे वेळेवर पोचणं हे त्या बायकांचं पोट होतं, आणि त्यांना वेळेवर पोचवणं हे आमचं.

आणि आप्पांना घाई हा प्रकारच ठाऊक नव्हता. पुढे बैलगाडी आली की ते आधी हॉर्न द्यायचे. मग थांबायचे. मग मान काढून बघायचे. मग पुन्हा हॉर्न द्यायचे, गाडीवानाने वळून बघितल्याची खात्री करून घ्यायचे, आणि एवढं सगळं झाल्यावर पुढे वळण दिसलं की बेत रद्द करून पुन्हा मागे मागे चालायला लागायचे. "पुढचं दिसत न्हाय तवर मागंच ऱ्हायचं," एवढंच त्यांचं म्हणणं. शेजारचा वेल्डर त्यांना चिडवायचा, "चाचा, आपकी गाडी के पीछे तो आदमी बूढा हो जाए." आप्पा हसायचे. मी मात्र जळायची. रविवारी त्यांच्याबरोबर जाताना कॉलेजातली कुणी मुलगी रस्त्यात दिसली, की मी सीटवरून इतकी खाली सरकायची की आप्पा विचारायचे, "काय पडलं गं खाली?" माझी अब्रू पडलेली असायची; पण तिला घेऊन वर येण्यापेक्षा मी तिथेच बसून राहायची.

सीटवरून खाली सरकणाऱ्या त्या वेळच्या माझी मला आज कीव येत नाही, त्या मुलीचा राग येतो. कारण ती अजून मेलेली नाही. चिल्हार रस्त्याला रोज मला भेटते. कधी ती मोठ्या काळ्या गाडीत बसून माझ्या पाठीला चिकटलेली असते आणि दिवे उघडझाप करते. कधी ती तिघांना घेऊन मोटारसायकलवर असते आणि टँकरच्या डाव्या बाजूने घुसते. कधी ती माझ्या धाकट्या जावयाच्या रूपात येते. तो मोबाईलमधल्या नकाशाने सांगितलेल्या वेळेपेक्षा लवकर पोचला की परीक्षेत पहिला आल्यासारखा चेहरा करतो. मी अजून गाडी चालवते. माझी गाडी लहान आहे आणि ती माझ्याच चालीने चालते. मागे कुणी बोंबलायला लागला तर मी डावीकडे सरकते, वेग थोडा आणखी कमी करते, आणि जाऊ देते. हात काढून "जा" असं मात्र कुणाला कधी सांगत नाही. रस्ता त्याने स्वतःच्या डोळ्यांनी बघावा, माझ्या हाताने नाही. ब्रेक दाबून त्याला घाबरवावं अशी खाज मलाही येते, पण तो पुढे मरायला निघाला आहे, त्याला माझ्या डिकीत मरायची सोय मी का करून द्यावी? थोड्या वेळाने नाक्यावरच्या गर्दीत तोच काळ्या गाडीवाला माझ्या शेजारी उभा असतो. मग मी काच खाली करते आणि अगदी आजीच्या आवाजात विचारते, "पोचलात का?" एवढी एक वाईट सवय मला आहे, आणि ती सोडायचा माझा विचार नाही.

तर त्या वर्षी दिवाळीच्या आसपास बबन नावाच्या माणसाने जीप आणली. तिचा हॉर्न सनईसारखा वाजायचा. जीप आप्पांच्या निम्म्या वेळात वाणगावला जायची, आणि बघता बघता निम्म्या कोळणी बबनकडे गेल्या. उरलेल्या गेल्या नाहीत त्या जानकीबायमुळे. जानकीबाय कोळीवाड्यातली जुनी, रुंद, कपाळावर मोठं कुंकू, पुढच्या सीटवर ड्रायव्हरशेजारी बसायचा तिचा हक्क. तिची सख्खी नणंद बबनच्या जीपमध्ये पहिली जाऊन बसली, म्हणून जानकीबाय टेम्पोत राहिली. तत्त्व वगैरे काही नव्हतं. पण तिच्यावर आमचं घर टिकून होतं. "येक दिस जरी खाडा झाला ना, तर या बाकीच्या पन जातील," असं ती आईला स्पष्ट सांगून गेली होती.

आणि नेमके आप्पांचे डोळे आले. लाल, सुजलेले, सकाळी उघडताना आईला कोमट पाण्याचा बोळा फिरवावा लागायचा. त्या डोळ्यांनी गाडी चालवणं शक्यच नव्हतं. मोकळ्या प्लॉटवर आप्पांनीच मला शिकवलेलं होतं, लायसन होतं, आणि खाडा परवडणारा नव्हता. आई म्हणाली, "पोरगी? पहाटेची? एवढ्या बायकांना घेऊन?" आप्पा डोळ्यांवर फडकं धरून म्हणाले, "चालवती ती चांगली. माझ्यावाणी चालव म्हंजे झालं." मी मान डोलावली. मनात म्हणाले, तुमच्यासारखी चालवायला मी काय म्हातारी आहे?

पहिल्या काही खेपा मी शहाण्यासारखी गेले. रस्त्यावरचे लोक थांबून बघायचे. चिंचणीच्या नाक्यावरचा चहावाला कपात चहा ओतायचा विसरायचा. आपण म्हणजे कुणीतरी आहोत, असं मला वाटायला लागलं. शहाणपण जायला एवढं पुरतं.

त्या सकाळी ऊन नुकतं वर आलं होतं. चिंचणी मागे पडली की रस्ता खाजणातून जातो. दोन्ही बाजूंना खारं पाणी, चिखल, आणि मधून बांधासारखा उंच उचललेला अरुंद रस्ता. पुढे गवताच्या तीन गाड्या एकामागे एक चाललेल्या, वाणगावच्या वखारीकडे. गवत गाडीच्या दोन्ही अंगांनी इतकं फुगलेलं की चाकंसुद्धा दिसत नव्हती. मधल्या गाडीचे बैल पहिल्या गाडीचं गवत ओढून खात होते, शेवटच्या गाडीचे मधल्या गाडीचं. म्हणजे तिन्ही गाड्यांच्या मध्ये बोट शिरायला जागा नव्हती. हे मी बघितलं, मला गंमत वाटली, आणि त्याचा अर्थ काय होतो याचा विचार करायचं मी दुसऱ्या कुणावर तरी सोडून दिलं.

तेवढ्यात मागून सनई वाजली. बबनची जीप आम्हाला घासून पुढे गेली. जीपमधल्या बायकांनी हात हलवले, आणि जानकीबायच्या नणंदेने पाटीतली एक लांबलचक, पट्ट्यासारखी वाकटी मासळी उचलून झेंड्यासारखी आमच्या तोंडासमोर फडकवली.

मागून कुणीतरी म्हणालं, "जानकीबाय, चालली बग तुजी नणंद. आता ती तोंडाशी बसंल."

"बसू दे," जानकीबाय म्हणाली. "तिचे बोंबील तोंडाशी ठेवले तर गिऱ्हाईक वासानंच मागं सरकंल, आपल्याकडं येल."

सगळ्या हसल्या. मग त्यातलीच एक, माझ्याच वयाची, सहज बोलून गेली, "आपली पोरगी काय पुडं न्हेनार नाय. बापावर गेली हाय."

झालं. जगात याहून वाईट काही कुणी मला बोलू शकलं नसतं. जीप गवताच्या गाड्यांना वळसा घालून पुढे निघाली होती. मी मनाशी हिशोब केला, आणि हा हिशोब मी इथे मुद्दाम लिहून ठेवते, कारण आजही तो रोज शेकडो डोक्यांत होतो: तो गेला, म्हणजे वाट मोकळी आहे. त्याच्यासाठी मोकळी होती. माझ्यासाठी ती कुणी राखून ठेवली नव्हती. हॉर्नही मी दिला नाही. हॉर्न देऊन वाट मागणं हे आप्पांचं काम. मी मागणारी नव्हते, घेणारी होते. टेम्पो उजवीकडे काढला आणि जीपच्या मागोमाग घातला.

शेवटची गाडी मागे पडली. मधल्या गाडीच्या बाजूला आले तेव्हा टेम्पोला दम लागला. भरल्या पाट्या, त्यात बर्फ, आणि तो बिचारा आप्पांच्या चालीची सवय झालेला. मला तो पुढेही नेईना. डावीकडे शिरावं तर दोन गाड्यांमध्ये बैलांची तोंडं गवतात. जीप वळणावरच्या बाभळींआड गेली, सनई वाजली, आणि त्याच बाभळींआडून एसटी आली. लाल, समोरासमोर, आपल्या बाजूने, आपल्या हक्काच्या रस्त्यावरून.

जानकीबायने माझ्याकडे बघितलं नाही. तिने समोरचा दांडा धरला आणि फक्त म्हणाली, "पोरी गो."

मी स्टेअरिंग उजवीकडे फिरवलं. एसटीने करकचून ब्रेक मारला, आम्ही तिच्या नाकासमोरून रस्ता सोडला आणि घसरत खाजणात गेलो. आवाज फार झाला नाही. एखादी म्हैस डबक्यात बसावी तसा टेम्पो चिखलात बसला, एका कुशीवर कलला, आणि मागच्या सगळ्या पाट्या एका बाजूला गेल्या. मग एकदम शांतता. मग बायकांचे आवाज, एकेक करून, आणि मी मोजत होते की सगळ्यांचे आवाज येतात का. आले. जानकीबायचा आवाज मात्र शेजारून आला, दातांमधून. दांडा धरलेला तिचा हात मनगटात भलतीकडे वळला होता.

एसटीचा ड्रायव्हर धावत उतरला. पोटऱ्यांपर्यंत चिखलात उभी राहून, वेण्या सुटलेल्या, चपला गायब, अशा अवस्थेत मी त्याला जे म्हणाले ते आठवलं की आजही मी पांघरूण डोक्यावर ओढून घेते. मी म्हणाले, "तुम्ही हॉर्न का नाही दिलात?" त्याने माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं, उत्तर देण्याइतकी माझी लायकी नाही असं ठरवलं, आणि कंडक्टरला म्हणाला, "आधी बायकांना वर घे. हात मोडलेल्या मावशीला चिंचणीच्या डॉक्टरकडे सोडू." जानकीबाय एसटीत चढली. चढताना तिने मागे वळून मासळीकडे बघितलं, माझ्याकडे नाही.

मासळी खाजणात पसरली होती. समुद्रातून काढून, बर्फ घालून, पाट्यांत रचून आणलेली पापलेटं आणि बोंबील मी पुन्हा चिखलाला परत केले होते, आणि खेकडे त्यांच्या स्वागताला निघाले होते. गाडीवान आता पूर्ण जागे झाले. त्यांनी बैल सोडले, तिन्ही जोड्या दोराने टेम्पोला जुंपल्या, आणि ज्यांना मागे टाकायला मी निघाले होते त्या बैलांनीच मला ओढून रस्त्यावर आणलं. एक म्हातारा गाडीवान घाम पुसत अगदी साधेपणाने म्हणाला, "बाय, नुसता आवाज द्यायचा. आमी कडेला घेतलीच असती ना गाडी." एवढ्या लोकांसमोर तोंडात मारली असती तर बरं वाटलं असतं. आणि बबनची जीप? नंतर कळलं की वाणगावच्या बंद फाटकाशी मालगाडीची वाट बघत ती ताटकळत उभी होती, सनईसकट, आणि पाट्यांवरचा बर्फ पाणी होऊन तिच्या मागून टपकत होता.

घरी आले तेव्हा आईने आधी पाठीत धपाटा घातला, मग अंगावर पाण्याचे तांबे ओतले, मग जेवायला वाढलं. हा क्रम तिने कधी बदलला नाही. आप्पा सुजलेल्या डोळ्यांनी टेम्पोभोवती फिरले. दिसत नव्हतं म्हणून हाताने चाचपत होते. चेपलेला पत्रा, वाकलेला मडगार्ड, दिव्याची रिकामी खोबण.

"कशाला मागं टाकत व्हतीस?" त्यांनी विचारलं.

"गाड्यांना."

"कसल्या?"

"गवताच्या."

"बैलांच्या?"

मी वाकलेल्या मडगार्डवरचा चिखल नखाने खरवडायला लागले. आप्पा बराच वेळ खोकले. मग त्यांनी टेम्पोची किल्ली आपल्या करदोड्याला बांधली आणि आत गेले. वेल्डरसुद्धा त्या दिवशी काही बोलला नाही. त्याने येऊन मडगार्ड सरळ करून दिला. ज्या घरात चिडवायची सवय असते तिथे न चिडवणं किती झोंबतं, ते मला तेव्हा कळलं. बायकांनी चिखलातून वेचलेली, कुणी घेणार नाही अशी मासळी आईने घरी आणवली, सात पाण्यांनी धुतली आणि आम्हाला घातली. बोंबील खाताना दाताखाली खाजणाची कचकच लागायची. सगळे माझ्याकडे न बघता चावत होते.

टेम्पो दुरुस्त झाला तरी आप्पांच्या डोळ्यांवरची झाक गेली नव्हती. डॉक्टरने अजून काही दिवस गाडीला हात लावायचा नाही असं बजावलं होतं. बबनने नाक्यावर सांगून टाकलं होतं की आता सगळ्या कोळणी त्याच्याच. आप्पा संध्याकाळी म्हणाले, "उद्या मीच जातो. दिसंल तेवढं दिसंल." आईच्या हातातली भाकरी तव्यावर पडायच्या आधीच फाटली. धुरकट डोळ्यांनी आप्पा त्या खाजणातल्या रस्त्यावरून जाणार, आणि ते माझ्यामुळे. मी कोपऱ्यात बसून लसूण सोलत होते. एवढा लसूण कुणालाच नको होता.

तेवढ्यात दारात जानकीबाय उभी राहिली. हाताला प्लास्टर, गळ्यात झोळी, मागे दोघीजणी. आई उठून पाट द्यायला गेली. जानकीबायने चहा घेतला, डाव्या हाताने, बशीत ओतून, फुर्र करत. मग आप्पांना म्हणाली, "आप्पा, डोळे कसे हायत?"

"धुरकट हायत. पर येतो उद्या."

"धुरकट डोल्यांच्या मागं आमी नाय बसनार. किल्ली पोरीला द्या."

आप्पा चकित झाले. "हिला? हिनं तुमचा हात मोडला."

"माजा हात हाय, मला म्हाईत हाय कोनी मोडला ते. टोमने आमचे पन होते."

आप्पांनी फडक्याने डोळे पुसून तिच्या प्लास्टरकडे बघितलं. मग त्यांनी करदोड्याची गाठ सोडली आणि किल्ली माझ्या पुढ्यात, लसणाच्या सालींवर ठेवली. मी ती उचलली नाही. जानकीबायच्या प्लास्टरकडे बघून मी रडायला लागले. तिने ते रडणं तुच्छतेने थोडा वेळ बघितलं, बशी खाली ठेवली आणि म्हणाली, "रडू नुको गो. तुजा बाप हलू हलू चालवतो म्हून आमी त्याला वाटभर शिव्या घालतो. रोज घालतो, म्हंजे रोज जित्या पोचतो. उद्यापासून तुला पन तशाच शिव्या खायाच्या हायत, कललं? तशी चालव."